छिद्रांतून जाणाऱ्या पाण्याचा हिशेब

पूर्वीं महाराष्ट्रांत लग्नाचा मुहूर्त साधावयाचा असला म्हणजे ज्योतिषीबोवा पाण्यानें भरलेल्या घंगाळांत तांब्याची एक पातळ वाटी अलगद सोडीत. वाटीच्या तळाला एक बारीक भोंक असे. त्यांतून पाणी हळूहळू आंत चढे, आणि बरोबर एका घटकेनें, म्हणजे चोवीस मिनिटांनीं, वाटी तळाला जाई. त्या घटिकापात्रांत चाक नव्हतें, कांटा नव्हता, कमान नव्हती. जें कांहीं शास्त्र होतें तें सारें त्या भोंकांत होतें. भोंक केसभर मोठें झालें कीं घटका लवकर भरे आणि अक्षता वेळेपूर्वीं पडत.

हें भोंक केवढें पाडावें याचा विचार आपल्याकडे फार पूर्वीं झालेला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत कालमापनाचें जें प्रकरण आहे त्यांत घड्याच्या छिद्राचें माप दिलें आहे, तें असें : चार माष सोन्याची चार अंगुळें लांब तार ओढली असतां ती जेवढी जाड होईल तेवढें छिद्र, त्यांतून एक आढक पाणी निघून जाण्यास लागणारा वेळ ती एक नालिका. सोन्याचें वजन आणि तारेची लांबी ठरली म्हणजे जाडी आपोआप ठरते, आणि सूक्ष्म मापाची पट्टी जवळ नसतांहि कोणत्याहि गांवच्या सोनाराला तें छिद्र पाडतां येतें. युक्ति मोठी चतुर आहे. परंतु इ. स. ११५० मध्यें सिद्धान्तशिरोमणि लिहिणाऱ्या भास्कराचार्यांनीं दुसराच मार्ग पत्करला. पात्र कसेंहि असो, तें एका अहोरात्रांत किती वेळां बुडतें तें मोजावें आणि साठ घटकांना त्या संख्येनें भागावें. त्या पात्राचें माप कळलें! भोंक मोजण्याच्या भानगडींत न पडतां भोंकानें केलेलें काम मोजावें, असा त्याचा अर्थ.

छिद्र मोजावयाचें कीं छिद्रांतून गेलेलें पाणी मोजावयाचें, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. तरी त्यावर एका साम्राज्याच्या राजधानींत हजारों लोकांच्या प्रामाणिकपणाचा निवाडा अवलंबून राहिला होता, आणि आजहि उंच इमारतींतील, कारखान्यांतील व वीजगृहांतील पंपांच्या नळांत बसविल्या जाणाऱ्या एका साध्या चकतीचें सगळें गणित त्याच प्रश्नाभोंवतीं फिरतें. मध्यें एक गोल भोंक असलेली ही धातूची चकती, कारखान्यांत जिला ऑरिफिस प्लेट म्हणतात ती, नळाच्या दोन फ्लॅंजांमध्यें आवळून बसवितात. तिचा जन्म समजून घ्यावयाचा तर इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील रोमांत जावें लागतें.

इ. स. ९७ मध्यें नर्वा बादशहानें सेक्स्टस ज्युलियस फ्रॉन्टिनस या वयोवृद्ध सरदाराची रोम शहराच्या पाणीपुरवठ्यावर मुख्य अधिकारी म्हणून नेमणूक केली. हा मनुष्य पूर्वीं ब्रिटनचा सुभेदार होता, त्यानें लढाया केल्या होत्या आणि युद्धकलेवर ग्रंथ लिहिला होता. पाण्याचें काम त्याला सर्वस्वीं नवें होतें. नव्या कामावर आलेला वरिष्ठ अधिकारी बहुधा हाताखालच्या माणसांवर विसंबतो. फ्रॉन्टिनसला ही गोष्ट कमीपणाची वाटली. त्यानें स्वतः नकाशे तयार करविले, मुखापर्यंत जाऊन कालवे पाहिले, जुनीं दप्तरें उलगडलीं, आणि मिळालेली सारी माहिती एका लहानशा ग्रंथांत नमूद करून ठेवली. रोमच्या पाण्याविषयीं आज जें नक्की ठाऊक आहे त्यांतील फार मोठा भाग या एका ग्रंथावरून ठाऊक आहे.

त्या वेळीं रोमांत नऊ कालवे पाणी आणीत होते. त्यांतला पहिला, आपिया, इ. स. पूर्वीं ३१२ मध्यें बांधलेला. पाणी शहरांत आलें कीं तें टांक्यांत सांठे व तेथून हौद, स्नानगृहें, सरकारी इमारती आणि बादशहाची सनद मिळालेल्या खाजगी घरांकडे जाई. कोणाला किती पाणी द्यावयाचें हें ठरविण्याचें साधन म्हणजे कॅलिक्स नांवाची एक ब्राँझची नळी. ती निदान बारा बोटें, म्हणजे सुमारें बावीस सेंटिमीटर, लांब असे आणि टांक्याच्या भिंतींत बसविली जाई. शिसें मऊ, तें ठोकून सहज फुगवितां येतें. ब्राँझ तसें वांकत नाहीं, म्हणून माप ब्राँझचें. नळीवर सरकारी शिक्का मारलेला असे. शिवाय तिच्यापुढें पन्नास फूटपर्यंत शिशाचा नळ त्याच मापाचा असला पाहिजे असा सिनेटचा ठराव होता. या पन्नास फुटांचें मर्म पुढें कळून येईल.

पाणी मोजण्याचा एकांक होता क्विनारिया. रोमन फुटाचीं सोळा बोटें. अशा सव्वा बोटाच्या व्यासाचा नळ म्हणजे एक क्विनारिया. आजच्या मापानें सुमारें तेवीस मिलिमीटर. ज्याला जास्त पाणी हवें त्याला मोठें छिद्र, आणि छिद्राचें क्षेत्रफळ एका क्विनारियाच्या किती पट तेवढें त्याचें पाणी. पाण्याचा वेग या हिशेबांत कोठेंच येत नाहीं. म्हणजे रोमन लोक पाणी विकत होते असें म्हणण्यापेक्षां भोंकें विकत होते असें म्हणणेंच अधिक खरें.

फ्रॉन्टिनसनें दप्तर तपासलें तेव्हां पहिल्याच पानावर एक नवल दृष्टीस पडलें. वहीप्रमाणें सर्व कालव्यांतून शहराला मिळणारें पाणी १२,७५५ क्विनारिया आणि त्याच वहीप्रमाणें वांटलें जाणारें पाणी १४,०१८ क्विनारिया. जमेपेक्षां खर्च १,२६३ नें अधिक ! पैशाच्या व्यवहारांत असें झालें असतें तर कारकून कर्ज काढून बसला आहे असें म्हणतां आलें असतें. पाण्याच्या बाबतींत कर्जहि काढतां येत नाहीं. मग तो कालव्यांच्या मुखांकडे वळला. तेथें त्यानें स्वतः मापें घेतलीं तेव्हां वहींत लिहिल्यापेक्षां सुमारें दहा हजार क्विनारिया जास्त पाणी आढळलें. तेवढें पाणी डोंगरांतून निघतें, पण शहराच्या हिशेबांत नाहीं. मग जातें कोठें ?

फ्रॉन्टिनसनें शोधलेलीं उत्तरें आजच्या कोणत्याहि मोठ्या शहरांतील पाणीखात्याच्या माणसाला ओळखीचीं वाटतील. कालव्याच्या कडेचे शेतकरी भिंतीला भगदाड पाडून बागा शिंपीत. कांहीं कॅलिक्सांवर शिक्काच नव्हता. कांहींवर शिक्का होता, पण त्यांना पुढें जोडलेला नळ मापाहून मोठा होता. सनद नव्या मालकाच्या नांवें झाली कीं टांक्याला नवें भोंक पाडीत; जुनें भोंक बुजवीत नसत आणि त्याचें पाणी पाणके परस्पर विकीत. रस्त्यांखालून नळांना गुपचूप टोंचे मारून दुकानांना पाणी पुरविणारा एक स्वतंत्र इसमच होता. हे चोरटे फांटे उपटून काढले तेव्हां निघालेलें शिसेंच पुष्कळ भरलें. सर्वांत गमतीची लबाडी नळांच्या मापांची. ज्या नळांतून पाणके गिऱ्हाइकांना पाणी देत त्यांपैकीं वीस नंबरचा नळ खऱ्या मापाहून लहान केलेला, आणि ज्यांतून ते स्वतः पाणी घेत ते शंभर व एकशेंवीस नंबरचे नळ मोठे केलेले. घेण्याचें माप एक आणि देण्याचें दुसरें, हा प्रकार बाजारांत नवा नाहीं.

पाणीखात्यांत त्या वेळीं सातशें गुलाम कामाला होते : दोनशें चाळीस सरकारी आणि चारशें साठ बादशहाचे. चोरीचा ठपका मुख्यतः त्यांच्यावर पडला. चोरी झाली यांत शंकाच नाहीं. परंतु ती दहा हजार क्विनारियांची होती काय ?

येथें फ्रॉन्टिनसचें गणित जवळून पाहणें अवश्य आहे, आणि सुदैवानें त्यानें तें पाहतां येईल असें लिहून ठेवलें आहे. आपिया कालव्याच्या मुखापाशीं माप घेतां येईना, म्हणून शहरानजीक जेथें त्याला दुसरी एक शाखा मिळत होती तेथें त्यानें पाणी मोजलें. खोली पांच फूट, रुंदी पावणेदोन फूट. गुणाकार पावणेनऊ चौरस फूट. एका चौरस फुटांत २५६ चौरस बोटें, म्हणून एकंदर २,२४० चौरस बोटें. एका क्विनारियाच्या छिद्राचें क्षेत्रफळ १·२२७ चौरस बोटें. भागाकार केला कीं १,८२५ येतात, आणि ग्रंथांत आंकडा दिला आहे तो नेमका १,८२५ हाच. वहींत आपियाच्या नांवावर ८४१ मांडले होते. उरलेले ९८४ गेले कोठें, असा प्रश्न लगेच उभा राहतो.

पण कालव्यांतून संथपणें वाहणाऱ्या पाण्याचा छेद आणि टांक्याच्या भिंतींतील नळींतून दाबानें निसटणाऱ्या पाण्याचा छेद यांचा असा सरळ भागाकार करतां येत नाहीं. तेंच पाणी संथ असतांना रुंद जागा व्यापतें आणि वेगानें जातांना अरुंद जागेंतून निघून जातें. नदीचें पात्र मैदानांत पसरतें आणि खिंडींत आवळतें. पाणी मात्र तेवढेंच असतें. तेव्हां कालव्यांत १,८२५ आणि टांक्यांवर ८४१ हे दोन्ही आंकडे एकाच पाण्याचे असणें अशक्य नाहीं. दोन ठिकाणच्या वेगांतील फरक हाच त्या "चोरी"चा कांहीं भाग असला पाहिजे. किती भाग, हें त्याच्या आंकड्यांवरून ठरवितां येत नाहीं, कारण वेग त्यानें मोजलाच नाहीं. पाणक्यांच्या माथीं आलेल्या दोषांतला कांहीं वांटा एका अपुऱ्या मापाचा होता, एवढें मात्र म्हणावें लागतें.

फ्रॉन्टिनसला वेगाचें भानच नव्हतें असें समजणें मात्र त्याच्यावर अन्याय करणारें होईल. व्हर्गो कालव्याच्या मुखाशीं पाणी फार मंद, म्हणून त्यानें मुद्दाम शहराजवळ सातव्या मैलाशीं, जेथें प्रवाह जलद होता तेथें, माप घेतलें. पाणी उंचावरून आणि थोडक्या अंतरावरून आलें तर तें मापाहून जास्त भरतें आणि सखल जागेवरून आलें तर कमी भरतें, हें त्यानें स्पष्ट लिहिलें आहे. कॅलिक्स प्रवाहाच्या तोंडावर तिरपी बसविली तर ती अधिक पाणी ओढते, हेंहि त्याला ठाऊक होतें. त्याच्यापाशीं निरीक्षण होतें. नव्हता तो केवळ आंकडा. उंचीमुळें किती पाणी वाढतें हें सांगणारा नियम हातीं नसल्यामुळें तो क्षेत्रफळाच्या भागाकाराला चिकटून राहिला. डोळस मनुष्य चुकीच्या सूत्राशीं इतका प्रामाणिक राहिल्याचें उदाहरण क्वचितच सांपडेल.

पन्नास फुटांच्या ठरावाचें मर्म आतां सांगतां येईल. छिद्रांतून जाणारें पाणी छिद्राच्या अलीकडचा दाब आणि पलीकडचा दाब यांतील फरकावर अवलंबून असतें. टांक्यांतील पाण्याची उंची बदलतां आली नाहीं, तरी पलीकडचा दाब कमी करणें गिऱ्हाइकाच्या हातांत असतें. नळ लगेच मोठा केला कीं पुढील अडथळा जातो आणि तेंच शिक्क्याचें छिद्र जास्त पाणी सोडूं लागतें. पन्नास फूट अरुंद नळ म्हणजे ही वाट अडविणारा पहारा होता. आज महाराष्ट्रांतील शहरांत नगरपालिकेच्या मोठ्या नळावरून घराला जोड देतांना जी फेरूल बसवितात ती या कॅलिक्सचीच नात म्हणावी लागेल. "अर्धा इंची नळ" हा शब्दप्रयोग क्विनारियाच्याच जातीचा आहे. आणि नगरपालिकेच्या जोडाला थेट पंप लावण्यास मनाई असते तीहि याच कारणासाठीं. फेरूल तीच राहते, तिच्या मापांत कांहीं फेरफार होत नाहीं. पण पंप पलीकडचा दाब ओढून घेतो आणि शेजाऱ्याच्या वांट्याचें पाणी त्याच भोंकांतून एकाच घरांत जातें.

फ्रॉन्टिनसचा ग्रंथ पुढें विस्मरणांत गेला. इ. स. १४२९ मध्यें पॉज्जो या विद्वानाला त्याची एक हस्तलिखित प्रत माँते कासीनोच्या मठांत आढळली. आणखी दोनशें वर्षांनीं इटालींतच तो हरवलेला आंकडा सांपडूं लागला. १६२८ मध्यें बेनेदेत्तो कास्तेल्ली यानें वाहत्या पाण्याच्या मोजणीवर पुस्तक लिहून छेदाच्या क्षेत्रफळाला वेगानें गुणल्याशिवाय पाणी मोजलें जात नाहीं हें ठासून सांगितलें. त्याचा शिष्य तोरीचेल्ली यानें १६४४ मध्यें वेगाचा नियम दिला : भांड्याच्या छिद्रांतून निघणाऱ्या पाण्याचा वेग, तेंच पाणी पृष्ठभागापासून छिद्रापर्यंत मोकळें पडलें असतें तर त्याला जो वेग आला असता, तेवढाच असतो. एक मीटर उंचीला सेकंदाला ४·४३ मीटर, चार मीटर उंचीला ८·८६. उंची चौपट केली तर पाणी दुप्पट होतें, चौपट नव्हे. लोंबार्दीतील शेतकऱ्यांना पाणी वांटून देणाऱ्यांनीं मात्र हा नियम निघण्यापूर्वींच, सोळाव्या शतकांत, छिद्रावरील पाण्याची उंची कायम ठेवण्याचा दंडक पाडला होता. सिद्धांताची वाट न पाहतां अनुभवानें काढलेला तो तोडगा होता.

एवढ्यानें हिशेब जुळावयास हवा होता; तो जुळेना. तोरीचेल्लीच्या वेगाला छिद्राच्या क्षेत्रफळानें गुणून जें पाणी यावयास हवें, प्रत्यक्षांत त्याहून पुष्कळ कमी येई. न्यूटनसारखाहि येथें अडखळला. १६८७ च्या पहिल्या आवृत्तींत त्यानें दिलेलें उत्तर चुकीचें होतें. १७१३ च्या दुसऱ्या आवृत्तींत त्यानें धारेकडे नीट पाहिलें. पाणी छिद्राकडे सर्व बाजूंनीं येतें. कडेनें येणारें पाणी काटकोनांत एकदम वळूं शकत नाहीं. तें आंतल्या बाजूला झेपावतें, आणि धार छिद्राबाहेर पडल्यावर आणखी बारीक होते. छिद्र केवढें याला महत्त्व नाहीं, आवळलेली धार केवढी याला आहे.

ही धार काळजीपूर्वक मोजणाऱ्यांत पादुआ येथील जोव्हान्नी पोलेनी याचें नांव पुढें येतें. १७१७ व १७१८ मध्यें त्यानें या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केले. धारदार कडेच्या छिद्रांतून हिशेबाच्या शेंकडा सुमारें बासष्टच पाणी बाहेर पडतें, आणि त्याच छिद्राला आंखूड नळी जोडली कीं तें प्रमाण वाढतें, असें त्याच्या प्रयोगांवरून दिसून आलें. म्हणजे नुसतें भोंक आणि बारा बोटांची कॅलिक्स हीं दोन निराळीं मापें आहेत ! पोलेनीला हें जाणवलें असल्यास नवल नाहीं, कारण १७२२ मध्यें फ्रॉन्टिनसच्या ग्रंथाची संशोधित आवृत्ति टीपांसह छापून काढणारा विद्वान तोच. धारेचा अपुरेपणा आंकड्यांत बांधणारा आणि धारेच्या अपुऱ्या हिशेबानें गांजलेल्या रोमन अधिकाऱ्याचा संपादक, हे दोघे एकच होते.

बेर्नूलीचा ग्रंथ १७३८ चा, व्हेन्तुरीचा १७९७ चा. नळ हळूहळू अरुंद करून पुन्हां हळूहळू रुंद केला तर अरुंद भागांत दाब उतरतो आणि पुढें तो बहुतेक परत मिळतो, हें व्हेन्तुरीनें दाखविलें. एकोणिसाव्या शतकांत सोन्याच्या शोधांत कॅलिफोर्नियाला गेलेल्या खाणवाल्यांना या ग्रंथांची दाद नव्हती; त्यांनीं फळीला एक चौरस इंचाचें भोंक पाडून "मायनर्स इंच" हें माप रूढ केलें. भोंकावर पाण्याची उंची किती ठेवावयाची याविषयीं गांवोगांव निराळी चाल, त्यामुळें कोठें अशा चाळीस इंचांचा सेकंदाला एक घनफूट होई तर कोठें पन्नासांचा. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानें १९०१ मध्यें चाळीस हा आंकडा ठरविला. कोलोरॅडोंत तो ३८·४ होता. अठराशें वर्षांनंतर क्विनारियानें दुसऱ्या खंडांत पुनर्जन्म घेतला, आणि आपले दोषहि बरोबर आणले.

त्याच देशाच्या पूर्वेकडे, मॅसॅच्युसेट्समधील होल्योक गांवीं, क्लेमेन्स हर्शेल हा एंजिनियर निराळ्याच अडचणींत होता. तेथील कंपनी कालव्याचें पाणी गिरण्यांना शक्तीसाठीं विकीत असे, आणि कोणत्या गिरणीनें किती पाणी घेतलें हें सांगणें त्याचें काम. व्हेन्तुरीचा नव्वद वर्षांपूर्वींचा शोध त्यानें कामीं लावला आणि १८८७ च्या सुमारास नळांतील वाहतें पाणी मोजणारें यंत्र तयार केलें. यंत्राला स्वतःचें नांव न देतां त्यानें व्हेन्तुरीचें दिलें. पुढें हाच हर्शेल फ्रॉन्टिनसचें मूळ हस्तलिखित पाहण्यासाठीं माँते कासीनोला गेला आणि १८९९ मध्यें त्यानें हस्तलिखिताच्या छायाचित्रांसह इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. पोलेनीप्रमाणेंच हर्शेललाहि पाणी मोजतां मोजतां त्या पहिल्या मोजणाराची ओढ लागली. १९४४ च्या फेब्रुवारींत बाँबवर्षावानें तो मठ जमीनदोस्त झाला. परंतु तेथील ग्रंथभांडार १९४३ च्या अखेरीस रोमला हलविलेलें होतें, म्हणून तें वांचलें.

हर्शेलचें यंत्र उत्तम, पण लांब आणि महाग. नळाच्या जोडांत सरकवितां येणारी साधी चकती त्याच्या शतांश खटाटोपांत बसते. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील नैसर्गिक वायूच्या धंद्यानें ती मोजणीसाठीं उचलली, १९३० नंतर ओहायो स्टेट विद्यापीठांत तिच्यावर पद्धतशीर प्रयोग झाले, आणि १९८० मध्यें तिच्याविषयींचें आंतरराष्ट्रीय मानक निघालें. २००३ मध्यें तें मानक पुन्हां सुधारण्यांत आलें. चकतीचा दोष एकच : धार आवळून सोडतांना ती पाण्याचा दाब भोंवऱ्यांत उधळून टाकते, आणि तो बहुतेक परत मिळत नाहीं. मोजणाराला हा दोष डांचतो. परंतु ज्याला दाब उधळूनच टाकावयाचा आहे त्याला तोच गुण वाटतो, आणि पंपाच्या नळांत असे प्रसंग वारंवार येतात.

एक उदाहरण घेऊन पाहावें. उंच इमारतींत आग विझविण्यासाठीं तळाशीं पंप आहे. गच्चीपर्यंत पुरेल असा दाब त्यानें दिला तर खालच्या मजल्यांवर तो नको तितका होतो. रबरी नळी माणसाच्या हातीं आवरत नाहीं आणि सारें पाणी खालींच निघून वरचा मजला कोरडा राहतो. समजा, एका खालच्या मजल्यावर सेकंदाला दहा लिटर पाणी हवें आहे आणि दाब पंधरा मीटर उंचीइतका अधिक आहे. नळ शंभर मिलिमीटरचा. तोरीचेल्लीच्या नियमानें पंधरा मीटरला वेग सेकंदाला १७·२ मीटर येतो. फ्रॉन्टिनसच्या धर्तीवर धार छिद्राएवढीच धरली तर ५·८ चौरस सेंटिमीटर, म्हणजे सुमारें २७ मिलिमीटर व्यासाचें भोंक पुरेसें वाटतें. तें पाडलें तर फसगत ठरलेली. कारण दहा लिटर पाणी त्यांतून ढकलण्यास पंधरा नव्हे, चाळीस मीटर दाब लागेल. पोलेनीच्या शोधाला अनुसरून ०·६१ नें भागलें कीं क्षेत्रफळ ९·५५ चौरस सेंटिमीटर आणि व्यास ३५ मिलिमीटर होतो. तरीहि थोडें राहतेंच. चकतीपाशीं पडलेल्या दाबापैकीं शेंकडा तेरा-चौदा भाग धार पुन्हां पसरतांना परत मिळतो. कायमचे पंधरा मीटर घालवावयाचे तर चकतीपाशीं सव्वासतरा मीटर पाडावे लागतात, आणि व्यास ३४ मिलिमीटरच्या किंचित् खालीं उतरतो. २७, ३५, ३४. या तीन आंकड्यांत सतरा शतकांचा इतिहास सांठला आहे.

टांक्याच्या पाण्याची उंची ठरलेली असते. पंपाची तशी नसते. अपकेंद्री पंपांतून पाणी कमी घेतलें कीं सामान्यतः त्याचा दाब वाढतो. त्यामुळें चकतीचें माप ठरवितांना पंप आणि नळ यांचा मेळ ज्या एका प्रवाहाला बसतो तो प्रवाह आधीं निश्चित करावा लागतो. प्रवाह निम्मा झाला कीं चकतीनें खाल्लेला दाब चतुर्थांश होतो : पंधराचे पावणेचार मीटर. प्रवाह थांबला कीं चकती कांहींच खात नाहीं, आणि बंद तोटीवर पंपाचा सगळा दाब येऊन ठेपतो. जेथें नळी किंवा तोटी तेवढा दाब सोसणारी नाहीं तेथें चकतीवर भिस्त ठेवणें धोक्याचें. तेथें दाब कमी करणारा व्हाल्व्हच हवा. चकती स्वस्त आहे, बिघडत नाहीं, कोणाला फिरवितां येत नाहीं, म्हणून ती सर्वत्र चालेल असें मानण्याकडे कल होतो. तो बरा नव्हे.

दाब फारच पाडावयाचा असला तर दुसरी अडचण उभी राहते. आवळलेल्या धारेंत वेग वाढल्यामुळें दाब इतका उतरतो कीं पाणी थंड असूनहि त्याच्या वाफेचे बुडबुडे होतात, आणि पुढें दाब सांवरतांच ते फुटून नळाचें अंग कुरतडतात. नळांतून खडे वाहत असल्यासारखा आवाज येऊं लागला कीं हें ओळखावें. अशा वेळीं एकाच लहान भोंकाऐवजीं पुरेसें अंतर ठेवून थोड्या मोठ्या भोंकांच्या दोन-तीन चकत्या बसवितात आणि प्रत्येकीवर थोडथोडा भार टाकतात.

चकतीची कडहि जपावी लागते. ०·६१ हा आंकडा धारदार कडेचा आहे. गाळानें किंवा गंजानें ती कड गोलावली कीं धार कमी आवळते आणि तेंच भोंक जास्त पाणी सोडतें; माप घेऊन पाहिलें तर व्यासांत फरक दिसत नाहीं. चकतीची एक कड उतरती केलेली असते ती पाणी जाण्याच्या बाजूला ठेवावयाची. उलटी बसविली तर तोच परिणाम होतो. पूर्ण आवळलेल्या फ्लॅंजांमधून आंतली कड दिसत नाहीं, म्हणून चकतीला एक दांडी ठेवतात आणि ती बाहेर डोकावत राहते. त्या दांडीवर भोंकाचा व्यास आणि पाणी येण्याची बाजू ठोकून लिहिलेली असते, आणि रोमच्या टांक्यावर कॅलिक्सचा शिक्का पाहात हिंडणाऱ्या तपासनिसाप्रमाणें आजचा तपासनीसहि प्रथम ती दांडीच वाचतो.